शंभर नंबरच्या बाई

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर रुजू झाले. मुलगी बालवाडीत असताना नोकरी सोडली होती, आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मुलाखतीत विचारलं होतं, मधली वर्षं काय करत होतात? मी "घर" एवढंच म्हणाले आणि समोरच्या साहेबांनी कागदावर एक लांब रेघ ओढली. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, नेटवर्कचं काम वगैरे सगळं त्या रेघेच्या पलीकडे राहिलं. तरी घेतलं, हे महत्त्वाचं.

विमा कंपनीचं ऑफिस आहे. पाच मजले आणि प्रत्येक टेबलावर एक जुना फोन. ते सगळे काढून नवे लावायचे, टेलिफोनच्या तारेवर नाही तर कॉम्प्युटरच्या जाळ्यावर चालणारे. नव्या फोनांची खोकी तळघरात छतापर्यंत रचली आहेत. माझ्या ओळखपत्रावर फोटो असा आलाय की मला घरातले ओळखणार नाहीत, पण हुद्दा मात्र ठळक आहे: फोन लावणारी, तात्पुरती.

नवऱ्याने वाचून "छान आहे" म्हटलं. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि उलटं करून परत दिलं, म्हणजे त्यांना ते आवडलेलं नाही. नेमणूक शेवटचा फोन लागून ऑफिसच्या ताब्यात जाईपर्यंत आहे. प्रशासनाचे साहेब म्हणाले, सहज वर्ष जाईल. मी मनात म्हटलं, बघाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम वायरमनकाका शिकवतात. खोकं उघडायचं, फोन जोडायचा, मग त्याच्या बारक्या स्क्रीनवर बाण दाबत दाबत आत शिरायचं. नंबर, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, घड्याळाची वेळ आणि सगळ्यात शेवटी त्या टेबलावरच्या माणसाचं नाव. नाव अंकांच्या बटणांवरून लिहायचं. एका अक्षरासाठी बटण चार वेळा दाबायचं, आणि चुकून पाचव्यांदा दाबलं की गाडी पुन्हा पहिल्या अक्षरावर. आज एका लांबलचक आडनावाच्या गृहस्थांना माझी दया आली. नुसतं "मी" लिहा, चालेल, असं म्हणाले.

काका सकाळी दोन फोन लावतात, जेवून दोन लावतात आणि पाचव्याला हात लावत नाहीत. मी हिरिरीने त्यांच्या दुप्पट लावले आणि अंगठा बधिर करून घेतला. रात्री पोळ्या नवऱ्याने लाटल्या. त्या पोळ्यांबद्दल इथे काही लिहीत नाही.

बसमध्ये मात्र एक गोष्ट सुचली. फोन जोडला की तो आधी जाळ्यावर विचारतो, माझं नाव-गाव कुणाला माहीत आहे का? त्याला कुणी उत्तर देत नाही म्हणून आपण बाण दाबत बसतो. उत्तर देणारा प्रोग्राम मी लिहिला तर? कुठला फोन कुणाचा, ही जोडी एकदा भरून ठेवायची. मग फक्त वायर खोचायची. वर्षाचं काम महिन्यात होईल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांना सांगितलं. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"बाई, घाई काय आहे? तुमचं इथे बरं चाललंय ना?"

मी म्हटलं, बरं चाललंय म्हणूनच तर.

"मग चालू द्या की थोडं."

जुन्या माणसांना यंत्राची धास्ती वाटते. त्यांना दुखवायचं नाही, हळूहळू समजावून सांगायचं असं ठरवलं आहे. साहेबांना सांगितलं तर ते मात्र इतके खूश झाले की मला बसायला खुर्ची दिली.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रोग्राम लिहायला ऑफिसात शांतता कुठली. साहेबांची परवानगी काढून दोन फोन घरी आणले. इंटरनेटवरून ते ऑफिसच्याच सर्व्हरला जोडले, म्हणजे घरी बसून खरीखुरी चाचणी होते. एक सासूबाईंच्या खोलीत ठेवला, नंबर शंभर, नाव "सासूबाई". दुसरा ओट्यापाशी, नंबर एकशे एक, नाव "स्वयंपाकघर". पहिल्या दोन फोनांचाच नमुना करून बाकीच्या सगळ्यांची सेटिंग त्यावरून निघणार.

सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या खोलीतूनच घर चालवतात, आणि त्यासाठी आजवर नुसता आवाज वापरत होत्या. मी ओट्यावरून फोन लावला. त्यांनी उचलला, पलीकडून मी बोलतेय याची दाराकडे वाकून खात्री केली आणि मग म्हणाल्या, "नाव 'स्वयंपाकघर' असं का येतंय?"

"आई, तो फोन स्वयंपाकघरात आहे."

"स्वयंपाकघर कशाला फोन करेल मला? करणारी तू ना?"

मी समजावलं की यंत्रात जागेचं नाव घालणं सोयीचं पडतं. त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून बटणं दाबल्याचे आवाज येत होते, बराच वेळ. नवीन खेळणं मिळालं की असंच होतं. जेवताना त्यांनी विचारलं, सगळे फोन असे आपोआप लागले की मग तू काय करणार? मी म्हटलं, पुढचं काम. कुठलं, म्हणाल्या. त्यांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, म्हणून मी खोलात शिरले नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी घरी असले की एकशे एकला उसंत नाही. चष्मा कुठाय, दाराशी कोण आलं, करपल्याचा वास येतोय. शेवटचा फोन आला तेव्हा खरंच करपत होतं. चाचणी म्हणून उत्तम.

ऑफिसात सगळ्यांच्या जागांची आणि नावांची जुळवणी झाली. खोक्यांवरच्या पट्ट्या यंत्राने वाचून घेतल्या. एक गोष्ट सुचली याचा अभिमान वाटतो: एखादा फोन प्रोग्रामला ओळखता आला नाही तर तो बंद पडू नये, म्हणून त्याला सगळ्यात पहिला नमुना द्यायचा. अशी दूरदृष्टी त्या रेघेतली वर्षं घरात काढूनच येते. घरात पाहुणा आला आणि कोण ते आठवलं नाही, तरी आपण त्याला आधी पाणी देतोच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

आज तिसरा मजला. काल सुट्टीच्या दिवशी काकांनी सगळ्या टेबलांवर नवे फोन ठेवून दिले होते. सकाळी मजला भरल्यावर मी सर्व्हर चालू केला. प्रशासनाचे साहेब, मजल्याचे व्यवस्थापक आणि सहज म्हणून आलेले मोठे साहेब मधोमध उभे होते. सगळे फोन एकदम जागे झाले, सगळ्यांच्या स्क्रीन उजळल्या आणि प्रत्येक स्क्रीनवर एकच नाव आलं.

सासूबाई.

या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंबर शंभर, सासूबाई. कपाटामागच्या टेबलावर सासूबाई, खिडकीपाशी सासूबाई, मोठ्या साहेबांच्या कोपराजवळ सासूबाई. कुणी हसलं नाही. सगळे जरा ताठ बसले, एवढंच.

तेवढ्यात भरपाईच्या दाव्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी, काय होतंय बघू, म्हणून शंभर नंबर फिरवला. आता शंभर म्हणजे तो अख्खा मजला. सगळे फोन एकदम किंचाळायला लागले. मोठे साहेब म्हणाले, उचला कुणीतरी. एकाही माणसाने हात पुढे केला नाही. दोन-दोन लग्नं केलेले एक गृहस्थ पाणी प्यायला निघून गेले. मग फोन आपोआप थांबले, म्हणजे कुणीतरी उचलला असावा, पण माझ्या नजरेसमोर तरी कुणी उचलला नाही. दावेवाल्या मॅडम रिसीव्हर कानाला लावून "हो... हो बाई... नाही, जेवायचं आहे अजून" असं काहीतरी बोलत होत्या. बिचाऱ्या धक्क्याने बरळत असाव्यात.

मोठ्या साहेबांनी जाताना माझं ओळखपत्र वाचलं. तात्पुरती हा शब्द त्यांनी जरा जास्त वेळ वाचला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चूक सापडली. खोक्यावर दोन पट्ट्या होत्या. वरची कारखान्याची, खालची फोनाची. मी वरची वाचत सुटले. त्यामुळे एकाही फोनाला प्रोग्रामने ओळखलं नाही, आणि माझ्या दूरदृष्टीप्रमाणे सगळ्यांना पहिला नमुना मिळाला. एका फोनाला हाताने चुकीचं नाव दिलं असतं तर एक माणूस वैतागला असता. आपोआप दिल्यामुळे मजलाच्या मजला माझ्या सासूच्या नावावर चढला.

घरी सगळं सांगितलं. नवरा खुर्चीवरून घसरला. सासूबाई हसल्या नाहीत. दावेवाल्या बाई चिडल्या का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही. "शहाणी आहे ती," म्हणाल्या. मी दाव्यांचं नाव कधी काढलं होतं ते आठवत नाही, पण बोलण्याच्या ओघात आलं असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमलं. खालची पट्टी वाचली, सर्व्हर चालू केला आणि तिसऱ्या मजल्यावर ज्याच्या त्याच्या टेबलावर ज्याचं त्याचं नाव आलं. लगेच चौथा मजला केला. लांब आडनावाचे गृहस्थ पहिल्या मजल्यावरून मुद्दाम बघायला आले. त्यांच्याही फोनाची वायर काढून पुन्हा खोचली आणि "मी" जाऊन बाण न दाबता पूर्ण आडनाव आलं, तेव्हाचा माझा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

साहेब हात चोळत म्हणाले, "वा. मग मॅडम, महिनाअखेर आटोपेल सगळं." मी म्हटलं, त्याआधीच. काकांनी माझ्यासाठी चहा आणला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. जुन्या माणसाला पटायला वेळ लागतो, पण पटतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवे फोन बसले की तक्रारींचा पाऊस पडतो असं ऐकून होते. मला दिवसभर एकही तक्रार आली नाही. प्रोग्राम इतका चोख झाला आहे तर.

ऑफिसातून दुपारपासून चार वेळा घरी शंभरला लावला, चारही वेळा लाइन व्यस्त. आल्यावर विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, रिसीव्हर नीट बसला नसेल. जेवताना त्यांनी फोनाविषयी आपणहून विचारलं, याचं फार बरं वाटलं. समजा एखाद्याचा फोन वाजतो, पण बोलणाऱ्याचा आवाजच येत नाही, तर काय करायचं? मी वाटीने आणि चमच्याने सगळं समजावून दिलं. त्यांनी शेवटचा भाग पुन्हा सांगायला लावला. या वयात शिकायची एवढी हौस.

मग त्या म्हणाल्या, पाठ धरली असेल तर खुर्चीत उशी ठेवावी, बिचारी दिवसभर बसून असते. कोण, विचारलं तर म्हणाल्या, कुणीही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाचवा मजला आणि दुसरा, दोन्ही झाले. पहिल्यावरचे थोडेसे राहिलेत. जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या शेजारी येऊन बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, कागदावर काय लिहिलंय ते वाचलंत ना? शेवटचा फोन लागेपर्यंत."

"हो. मग?"

"मग तुम्ही तो लावताय."

माझा घास तिथेच थांबला. इतके दिवस हे वाक्य मी रोज ओळखपत्रासारखं गळ्यात घालून फिरत होते आणि एकदाही वाचलं नव्हतं. वर्षाचं काम मी महिन्यात केलं म्हणजे वर्षाची नोकरी महिन्यात संपवली. काकांना कळलं होतं. साहेबांना कळलं होतं. सासूबाईंनी तर पहिल्याच रविवारी विचारलं होतं, आणि त्यांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत असं मी याच वहीत लिहून ठेवलं आहे.

मला ही नोकरी हवी आहे. सकाळी बस पकडताना, कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी सून नसताना, मला बरं वाटतं. पुन्हा मुलाखतीला बसायचं आणि पुन्हा ती रेघ बघायची, हे मला नको आहे. उरलेले फोन हाताने लावावेत, बाण दाबत, रोज चार, असं क्षणभर मनात आलं. मग लाज वाटली आणि सगळे दुपारीच लावून टाकले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी हिशेब जुळवला. एक फोन ऑफिसच्या ताब्यात आलेला नाही. एकशे एक मी परत केला, शंभर राहिला. शुक्रवारी घेऊन या म्हणजे कागद पूर्ण होतील, असं म्हणाले.

घरी येऊन मागितला. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला, वरून शाल टाकली.

"बिघडलाय तो. बिघडलेली वस्तू परत द्यायची नसते."

मी म्हटलं, बिघडलेलाही चालेल. तेवढ्यात शालीखालून तो वाजला. आम्ही दोघी शालीकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "बघ, कसा अवेळी वाजतो. बिघडलाच आहे." मग मला बाहेर पाठवून त्यांनी दार लोटून घेतलं. आतून "वायर काढा, दहा मोजा, परत लावा" असं ऐकू आलं. राँग नंबरवाल्यालाही त्या सल्ला दिल्याशिवाय सोडत नाहीत. या वयात एखाद्या वस्तूचा लळा लागतो, माझ्याने तो ओढून घेववत नाही. पण त्याच्यासाठी माझ्यावर ऑफिसची वस्तू लंपास केल्याचा ठपका यायला नको.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सविस्तर लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

फोन न घेताच गेले. साहेबांनी विचारलं, शेवटचा कुठाय? मी खरं ते सांगितलं: आमच्या सासूबाई सोडत नाहीत. त्यांनी फाइल मिटली. मग अगदी वेगळंच बोलले. म्हणाले, तुमची मुदत संपली तरी शंभर नंबरची सोय चालू राहायला हवी. अख्खं ऑफिस त्या नंबरवर अवलंबून आहे. त्या बाई कुठल्या कंपनीकडून घेतल्यात? फार अनुभवी वाटतात.

मी म्हटलं, शंभर नंबरची कसली सोय?

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनाकडे. स्पीकर चालू केला आणि शंभर फिरवला.

"शंभर नंबर. बोला, प्रशासन. परत आवाज बंदचं बटण दाबून बसलात का?"

आमच्या सासूबाई. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"नाही बाई, ते आता कळलंय. विचारायचं होतं, की ह्या फोन लावणाऱ्या मॅडमचं काम आज संपतंय. पण तुम्ही असालच ना?"

"मी कशी असेन?" सासूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या दावेवाल्या बाईंनी फोन केला, माझाही वाजला, मी उचलला. मग त्यांनी दुसरीला सांगितलं, तुमच्या वायरमनने तिसऱ्याला. मी काय करते, वायर काढा, परत लावा म्हणते आणि दोन शब्द ऐकून घेते. निम्मे तेवढ्यानेच बरे होतात. उरलेल्यांचं मी रात्री जेवताना तिला विचारते. तिला वाटतं, सासू शिकतेय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी टेबलावरच्या टाचण्यांकडे बघत होते.

"तिला घालवलंत तर मी कुणाला विचारू? सुनेला तिथे ठेवणार असाल तर शंभर नंबर चालू. नाहीतर मी पण उचलणार नाही, मला काय तुम्ही पगार देताय? पोरगी हुशार आहे. घरात अडकून पडली, ती आमच्यापायी. आणि हे तिला सांगू नका, डोक्यावर बसेल."

मला रडू आलं. साहेबांच्या समोर, टाचण्यांवर. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी माझ्या आमटीलाही कधी बरं म्हटलं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ करून "ठेवतो, बाई" म्हटलं. फोन ठेवतो की मला ठेवतो, हे कळेना. मग त्यांनी कपाटातून माझी नेमणूक काढली आणि तिच्यावर बोट ठेवून ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटचा फोन ऑफिसच्या ताब्यात येईपर्यंत.

"आलाय का?"

"नाही."

"मग मुदत कुठे संपली? मोठ्या साहेबांकडे कायम जागेसाठी लिहितो, वेळ लागेल त्याला. तोवर मॅडम, तो फोन आणू नका."

जिन्यात काका भेटले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या मिशीवरून दिसत होतं.

२ मार्च, रविवार

मला यातलं काही कळलं आहे असं मी सासूबाईंना दाखवलेलं नाही. त्यांनीही दाखवलं नाही. फक्त काल आमटी नेऊन दिली तेव्हा "मीठ कमी आहे" म्हणाल्या, म्हणजे सगळं ठीक आहे.

साहेबांनी एकशे एक पुन्हा माझ्याबरोबर घरी पाठवला आहे, शंभरच्या मदतीला म्हणून. आज दुपारी तो ओट्यापाशी जोडला. चहा घेणार का विचारायला शंभरला लावला. वाजत राहिला, कुणी उचलेना. बघायला आत गेले. सासूबाई खुर्चीत झोपल्या होत्या, चष्मा कपाळावर, आणि फोन शेजारी वाजत होता. माझा फोन तिथे वाजत असताना मी त्या खोलीत कधी नव्हतेच, कारण लावणारी मीच.

स्क्रीनवर "स्वयंपाकघर" असायला हवं होतं. ते नव्हतं. तिथे लिहिलं होतं, "इंजिनीअर".

मी प्रोग्राममध्ये असं काही घातलेलं नाही. म्हणजे याच फोनात एकशे एकसमोर हाताने लिहिलं आहे, बाण दाबत आत शिरून, एकेका अक्षराला चार-चार वेळा बटण दाबून, आणि एकदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्या जाग्या झाल्या. मी स्क्रीनकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.

"कधी लिहिलंत, आई?"

"त्याच रविवारी. तू ते लिहून गेलीस आणि मला ते वाचवेना." मग चष्मा खाली घेतला. "उभी काय राहिलीस? चहाचं विचारायलाच केला होतास ना फोन?"

मी ओट्याकडे गेले आणि दोन कप ठेवले.